युरोपातल्या शहरांमधले अरुंद कालवे: काचेची मोठी बोट सोडा, छोटीत बसा

पाणकोंबडा

इथे युरोप ट्रिपचे धागे ढिगाने आहेत पण कालव्यातली बोट म्हटलं की सगळे "एक तासाची क्रूज केली, मस्त होती" एवढ्यावर उरकतात, म्हणून वेगळा धागा काढतोय. मी नेदरलँड्समधे राहतो, घरी पाहुणे आले की त्यांना पाण्यावर न्यायची ड्यूटी आपोआप माझ्याकडे येते आणि त्यातून माझं ठाम मत बनलंय की शहरातला कालवा जितका अरुंद तितका बघायला चांगला आणि बोट जितकी लहान अन उघडी तितकी चांगली.

आता ॲमस्टरडॅम घ्या. हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे तीन मोठे कालवे, 1613 पासून खणायला घेतलेले, 2010 ला युनेस्कोच्या यादीत आले. स्टेशनासमोरून सुटणाऱ्या काचेच्या बोटी मुख्यतः ह्याच कालव्यांतून फिरतात. वाईट काहीच नाही, पण तुम्ही काचेच्या आत, कानात हेडफोन, फोटोत तुमच्याच टीशर्टचं प्रतिबिंब. त्यात खरी मजा फक्त एकदाच येते, जेव्हा बोट मोठ्या कालव्यातून आडव्या छोट्या कालव्यात काटकोनात वळते तेव्हा. पुण्याच्या बोहरी आळीत ट्रक घालावा तसा तो प्रकार असतो, कॅप्टन पुढे-मागे पुढे-मागे करत ती लांबडी बोट बरोबर कमानीखाली घालतो आणि दोन्ही बाजूला वीतभर जागा उरते. रेखुलिर्सग्राख्तच्या तोंडाशी एका रांगेत सात पूल दिसतात तिथे सगळे फोटो काढतात, पण मी म्हणतो फोटो सोडा, कॅप्टनचे हात बघा.

पण मला विचाराल तर उत्रेख्तला जा, ट्रेनने अर्धा तास लागत नाही. तिथला आउदेग्राख्त दोन लेव्हलचा आहे. वर रस्ता, दुकानं, सायकली, आणि खाली पाण्याला लागून दुसरा धक्का, त्या धक्क्याला लागून रस्त्याच्या पोटात गेलेली तळघरं. सातशेच्या वर आहेत अशी. पूर्वी बोटीतून माल उतरवून थेट तळघरात ढकलायचे, आता तिथे हॉटेलं, स्टुडिओ, कुणाकुणाची घरंसुद्धा आहेत. बोटीतून जाताना लोकांच्या जेवणाच्या टेबलाच्या उंचीवरून आपण जातो, समोरच्याच्या ताटात काय आहे ते दिसतं, आपल्याला बघायला आवडतंच ते ;-) वर झाडांची मुळं भिंतीतून बाहेर आलेली आणि अजूनही हॉटेलांना बियरची पिंपं पोचवणारी इलेक्ट्रिक बोट समोरून येते तेव्हा बाजूला होऊन तिला वाट द्यावी लागते.

तिसरं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं, सेर्तोखेनबॉस, बोलताना सगळे डेन बॉसच म्हणतात. चित्रकार हिरोनिमस बॉसचं गाव. तिथे बिनेनदीझ नावाचं पाणी शहराच्या खालून वाहतं, खालून म्हणजे अक्षरशः घरांच्या खालून. तटबंदीच्या आत जागा संपली तेव्हा लोकांनी पाण्यावर कमानी टाकून त्यावर घरं बांधली. नंतर त्याचं गटार झालं, बुजवायचे प्लॅन होते, सत्तरच्या दशकात ते सोडून डागडुजी सुरू झाली. आता उघड्या बोटी जातात, चालवणारे अन माहिती सांगणारे बरेचसे गावातलेच व्हॉलंटियर. मधेच अंधाऱ्या कमानीखाली मान खाली घालायला सांगतात, वर कुणाचं तरी स्वयंपाकघर असतं.

ज्यांनी कुठे कुठे केलंय त्यांनी लिहा. खास करून व्हेनिस आणि इंग्लंडवाले, तिकडचं मला फारसं माहीत नाही.

मिरचीभजी

मस्त धागा, वाचनखूण साठवली. आम्ही सप्टेंबरात आईबाबांना घेऊन येतोय, दोघं सत्तरी पार. बाबांचे गुडघे आणि आईला दर तासाला बाथरूम, हे दोन मुद्दे आधी क्लिअर करा मग छोटी बोट की मोठी बोट ते बोलू. शिवाय पाऊस आला तर???

पाणकोंबडा

@मिरचीभजी, एकदम रास्त प्रश्न. छोट्या उघड्या बोटीत बाथरूम नसतंच असं धरून चाला. मोठ्या काचेच्या काही बोटींत असतं, बुक करताना बघून घ्या. गुडघ्यांचं म्हणाल तर ॲमस्टरडॅमला काही ठिकाणी तरंगता धक्का आहे, तिथे पाऊल जवळपास सरळ पडतं. उत्रेख्तला मात्र वरच्या रस्त्यावरून खालच्या धक्क्यावर यायलाच दगडी जिना, तो बाबांना जड जाईल. डेन बॉसला बोटीत खाली पाय टाकून उतरावं लागतं आणि बसल्यावर फार हलता येत नाही.

पाऊस येणारच, तो इथला रहिवासी आहे. छत्री नको, रेनकोट घ्या, कारण पुलाखालून जाताना छत्री मिटावी लागते आणि चार उघड्या छत्र्यांत मागच्यांना काही दिसत नाही मग ते कुरकुरतात. तुमच्या केसमधे सांगायचं तर आईबाबांसोबत ॲमस्टरडॅमला एक मोठी बोट कराच, आणि तुम्ही दोघं एका संध्याकाळी वेगळे छोट्या बोटीत जा.

खवचट_खारूताई

व्हेनिसचा उल्लेख "मला फारसं माहीत नाही" म्हणून टाळला हे बरं केलंत. गंडोला म्हणजे शुद्ध लूट. अर्ध्या तासाला 90 युरो, संध्याकाळी सातनंतर 110. आठनऊ हजार रुपयांत अर्धा तास, त्यात तो गडी फोनवर बोलत होता. त्यापेक्षा व्हापोरेटोची, म्हणजे पाण्यावरच्या बसची, एक नंबरची लाइन पकडा, ग्रँड कॅनाल अख्खा दिसतो.

सुतारपक्षी

@खवचट_खारूताई, 90 हा रेट नोव्हेंबर 2023 पासूनचा आणि तो नगरपालिकेने ठरवलेला आहे, माणशी नाही तर पूर्ण बोटीचा, पाच जण बसतात. पाच जणांत वाटला की माणशी 18 होतो. भाव करत बसण्यापेक्षा सोबतीला माणसं शोधा. फोनवर बोलणारा भेटला ते तुमचं नशीब, त्याला माझा पास :-)

पण मला लूटबिट बाजूला ठेवून त्या बोटीबद्दलच लिहायचंय कारण मी हौशी सुतारकाम करतो आणि गंडोला बघून मी तासभर नुसता काठावर बसलो होतो, बायको वैतागली. जवळपास 11 मीटर लांब, रुंदी जेमतेम 1.4 मीटर, आणि एकच माणूस एकाच बाजूने एकाच वल्ह्याने चालवतो. साध्या होडीत असं केलं तर ती गोल गोल फिरेल. इथे युक्ती अशी की बोट मुळातच वाकडी बनवतात, डावी बाजू उजवीपेक्षा 24 सेंटिमीटर जास्त रुंद. नुसती पाण्यात सोडली तर ती उजवीकडे कललेली दिसते. वल्हं उजव्या बाजूला, चालवणारा मागच्या टोकाशी उभा, त्याच्या वजनाने आणि त्या वाकडेपणाने हिशोब जुळतो आणि बोट सरळ जाते. आठ जातींचं लाकूड, 280 तुकडे. वल्हं ज्या खुंट्यावर टेकवतात तो फोर्कोला, अक्रोडाच्या एका ठोकळ्यातून कोरलेला, आणि त्याला इतक्या खाचा अन वळणं की पुढे जायला एक जागा, मागे घ्यायला दुसरी, जागेवर वळायला तिसरी. प्रत्येक गंडोलावाल्याचा त्याच्या उंचीप्रमाणे वेगळा करून घेतात. तो मी हातात धरून बघितला, विकत घ्यायची ऐपत नव्हती.

आणि अरुंद कालव्यात ही बोट का चालते ते बघायचं तर ग्रँड कॅनालवर बसूच नका. आतल्या रियोत, म्हणजे गल्लीएवढ्या छोट्या कालव्यात, बसा. तिथे कोपऱ्याच्या पलीकडचं काही दिसत नाही, हॉर्न नाही, आरसा नाही, म्हणून तो कोपऱ्याच्या आधी "ओए" अशी हाळी देतो आणि पलीकडून कुणी असेल तर उत्तर येतं. मग पायाने भिंतीला हलकंसं ढकलून बोट वळवतो. सगळी भिंत त्या पायांनी गुळगुळीत झालेली दिसते काही कोपऱ्यांवर. पुलाखाली आला की गुडघ्यात वाकतो आणि त्याच वेळी वल्हं मारत राहतो. सान त्रोवासोला गंडोला दुरुस्तीचा जुना कारखाना आहे, कालव्याच्या पलीकडच्या काठावरून फुकट बघता येतो.

ज्यांना पैसे घालवायचेच नाहीत त्यांच्यासाठी त्रागेत्तो. ग्रँड कॅनालवर पूल मोजून चार, म्हणून मधल्या ठिकाणी माणसं ह्या काठावरून त्या काठाला न्यायला गंडोलासारखीच साधी बोट असते, पर्यटकाला 2 युरो. रियाल्तो बाजाराजवळ सांता सोफिया म्हणून जागा आहे तिथून घ्या. दोन-तीन मिनिटांत संपते.

खवचट_खारूताई

सुतारबुवा, लाकडाचं पटलं. 18 युरोही पटले. तरी पुढच्या वेळी फोन काढून घेऊन मगच बसणार.

बंड्या_बर्मिंगहॅम

इंग्लंडची हाक आली म्हणून लिहितो, जरा लांबेल.

इथे "बर्मिंगहॅममधे व्हेनिसपेक्षा जास्त कालवे" हे वाक्य टॅक्सीवाल्यापासून सगळे ऐकवतात, मैलांत मोजलं तर ते खरं आहे म्हणे, शहराच्या हद्दीत 35 मैल. दिसायला मात्र व्हेनिसचा काही संबंध नाही, कोळसा आणि लोखंड वाहून न्यायला काढलेले आहेत, विटांच्या भिंती, लोखंडी पूल, काजळी. मला तेच आवडतं.

अरुंद म्हणजे किती ते ऐका. कालवे काढणारा इंजिनियर जेम्स ब्रिंडलीने अठराव्या शतकात इथल्या लॉकची (बोट वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर किंवा उलट न्यायला बांधलेला दरवाजेवाला हौद) रुंदी 7 फूट धरली आणि तेव्हापासून बोट 6 फूट 10 इंच. लांबी मात्र 70 फुटांपर्यंत. म्हणून नाव नॅरोबोट. लॉकमधे शिरताना दोन्ही बाजूंना एकेक इंच, आणि 50-60 फूट लोखंड तुमच्या पुढे, ते तुम्ही मागे उभं राहून टिलरच्या, म्हणजे सुकाणूच्या, दांड्याने वळवताय. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे. पहिला अर्धा तास मेंदू बंड करतो. आणि बोट मधल्या जागेवर फिरते, म्हणजे पुढचं टोक उजवीकडे गेलं की तुमचं बूड डावीकडे जाऊन काठावर आपटणार, हे गाडी चालवणाऱ्यांच्या लवकर लक्षात येत नाही. ब्रेक नाही. थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा आणि वाट बघायची.

लायसन लागत नाही. भाड्याने देणारे तासदोन तास शिकवतात आणि किल्ली हातात देतात. स्पीड लिमिट ताशी 4 मैल, आणि काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहून हळू, कारण त्यात लोक राहतात आणि तुमच्या लाटेने त्यांचा चहा सांडतो, मग आतून मुंडकं बाहेर येतं आणि दोन अस्सल इंग्रजी शब्द ऐकायला मिळतात.

लॉक तुम्हालाच हाताने चालवायचं. विंडलास नावाची एल आकाराची लोखंडी किल्ली कमरेला. तिने झडप उघडायची, पाणी भरू द्यायचं, पातळी सारखी झाली की लाकडी दांड्याला पाठ लावून दरवाजा ढकलायचा. पातळी सारखी होईपर्यंत दहा पैलवान आणले तरी दरवाजा हलत नाही आणि झाली की दहा वर्षाचं पोर ढकलतं. बर्मिंगहॅमच्या मध्यभागी फार्मर्स ब्रिजला ओळीने 13 लॉक आहेत, एक संपलं की दुसरं, त्यातली काही तर इमारती आणि रेल्वेच्या कमानींखाली अंधारात.

एक गोष्ट सिरियसली. खाली उतरताना वरच्या दरवाजाच्या तळाला दगडी उंबरठा असतो, सिल म्हणतात. पाणी भरलेलं असताना दिसत नाही. पाणी उतरायला लागलं आणि तुमच्या बोटीचं मागचं टोक त्यावर अडकलं तर मागचा भाग वर आणि पुढचा खाली जातो आणि बोट मिनिटांत बुडते. भिंतीवर पांढरी रेघ असते, बोट तिच्या पुढेच ठेवायची. आणि अडकलीच तर आधी खालच्या झडपा बंद. गप्पा मारत लॉक करू नका, मोबाईलवर रील तर अजिबात नाही.

बर्मिंगहॅमच्या गॅस स्ट्रीट बेसिनला, म्हणजे बोटी थांबायच्या जुन्या तळाला, गेलात तर मधे वूस्टर बार म्हणून एक 7 फूट रुंद भिंत बघा. दोन कालवा कंपन्या शेजारी शेजारी आल्या 1795 ला, पण जुन्या कंपनीला भीती की नवा कालवा आपलं पाणी ओढेल, म्हणून मधे भिंत ठेवली. बोटी दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहायच्या आणि माल माणसांनी उचलून भिंतीपलीकडे टाकायचा. हे वीस वर्षं चाललं! 1815 ला भिंतीत लॉक काढलं. पाण्यासाठी भाऊबंदकी आपल्याकडेच असते असं नाही.

मिरचीभजी

हे वाचून बाबांना दाखवलं, ते म्हणतात गुडघे गेले खड्ड्यात मला लॉक उघडायचंय. @बंड्या आता तुम्हीच निस्तरा.

बंड्या_बर्मिंगहॅम

हाहाहा. बाबांना बोटीच्या पुढच्या बाकावर चहा देऊन बसवा आणि लॉक येतील तेव्हा काठावर उतरवून "पातळी सारखी झाली का" हे बघायचं काम द्या, ते सगळ्यात जबाबदारीचं आहे. दिवसाच्या भाड्याची बोटही मिळते, रात्री राहायलाच पाहिजे असं नाही. नॅरोबोटीत स्वयंपाकघर आणि टॉयलेट दोन्ही असतं, म्हणजे आईंचा प्रश्न सुटला. आम्ही पोहे करतो बोटीत. बाय द वे, खिडकीतून फोडणीचा वास बाहेर गेला की काठाच्या पायवाटेवरून चालणारे थांबून विचारतात.

जलसंपदा_निवृत्त

नमस्कार मंडळी. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं, मुलगी हॅम्बुर्गला असते म्हणून चार वेळा जाणं होतं. आपण सगळे रुंदीबद्दल लिहिताय पण माझ्या मते बोट रुंदीपेक्षा उंचीने ठरते, म्हणजे पाण्याची पातळी आणि पुलाची कमान ह्यांत किती अंतर उरतं त्याने.

ॲमस्टरडॅममधे ही पातळी जवळपास पक्की धरलेली असते. डचांचा एनएपी नावाचा शून्य संदर्भ आहे, कालव्यांची पातळी त्याच्या 40 सेंटिमीटर खाली. दरवाजे आणि पंप लावून ती राखतात. त्यामुळे तिथला बोट बनवणारा पुलाची उंची बघून निर्धास्तपणे छत ठरवू शकतो, म्हणून त्या काचेच्या बोटी एवढ्या बसक्या. रात्री काही दरवाजे बंद करून शेजारच्या आयमेअर तळ्याचं ताजं पाणी झेबर्गच्या पंपांनी आत सोडून कालवे धुतात, नाहीतर एवढ्या वस्तीत उभं पाणी कुजलं असतं.

हॅम्बुर्गला उलट. समुद्र शंभर किलोमीटरवर, तरी एल्ब नदीतून भरती-ओहोटी थेट शहरात येते आणि दोन्हींतला फरक साडेतीन मीटरच्या वर. श्पाइशरश्टाट म्हणून जुन्या गोदामांचा भाग आहे, 1888 ला मुक्त बंदर सुरू झालं तेव्हाचा, लाल विटांची उंच गोदामं आणि मधून अरुंद फ्लेट, म्हणजे तिथले कालवे. सगळं ओकच्या खांबांवर उभं आहे. 2015 ला युनेस्कोत. तिथे बार्कास नावाच्या छोट्या बोटी जातात. पण भरतीला पाणी इतकं चढतं की काही पुलांखाली बोट बसत नाही, आणि ओहोटीला इतकं उतरतं की तळ लागतो, गाळ दिसतो. म्हणजे दिवसात ठरावीक वेळच मिळते. कालच्या वेळेला आज बोट नसते. मुलीने वेळापत्रकाआधी भरतीचं कोष्टक बघायची सवय लावली. तिथे जाणाऱ्यांनी तिकिटाच्या खिडकीवर "आज श्पाइशरश्टाटच्या आत जाणार का" हे विचारूनच पैसे द्यावेत, नाहीतर नुसतं बंदरातून कंटेनर दाखवून परत आणतात. तेही प्रेक्षणीय आहे, पण वेगळं.

व्हेनिस ह्या दोन्हींच्या मधे. भरती-ओहोटी आहे पण मीटरभराची. मोझे म्हणून लगूनच्या, म्हणजे शहराभोवतीच्या उथळ खाडीच्या, तीन तोंडांवर 78 झडपा बसवल्यात, ऑक्टोबर 2020 ला पहिल्यांदा खऱ्या भरतीला उचलल्या. साधारण 110 सेंटिमीटरचा अंदाज असला की उचलतात. नोव्हेंबर 2019 ला 187 सेंटिमीटर चढलं होतं, त्यानंतरच्या वर्षी हे सुरू झालं. मात्र 110 च्या खालची भरती शहरात येतेच, तेव्हा कमी उंचीच्या पुलांखाली गंडोला अडते. आणि फेब्रुवारी 2023 ला ओहोटी इतकी खोल गेली की आतल्या कालव्यांत गंडोला चिखलात बसलेल्या होत्या, फोटो सगळीकडे आले होते.

पाणकोंबडा

काका, क्या बात है! इतकी वर्षं ह्या बोटींत बसतोय आणि त्या बसक्या का हे कधी डोक्यात आलं नव्हतं. अजून लिहा.

कोथरूडचा_कावळा

काका, पातळी राखणं वगैरे ठीक पण भिंतींचं काय? ॲमस्टरडॅमचा एक धक्का 2020 ला कोसळला होता ना, युनिव्हर्सिटीजवळ.

जलसंपदा_निवृत्त

हो, ग्रिमबुर्गवाल, 1 सप्टेंबर 2020. ह्या भिंती लाकडी खांबांवर उभ्या आहेत, आणि बांधल्या त्या काळात वरून हातगाडी आणि घोडागाडी जायची, आता कचऱ्याचे आणि काँक्रीटचे ट्रक जातात. लाकूड पूर्ण पाण्याखाली राहिलं तर टिकतं, पण खालून माती वाहून गेली की खांबाला आधार राहत नाही. शहरात अशा सुमारे 200 किलोमीटर भिंती तपासून दुरुस्त करायच्या आहेत, वर्षानुवर्षं चालेल. म्हणून आता काही कालव्यांत लोखंडी खांब आणि वाळूच्या पिशव्या दिसतात, काही रस्त्यांवर जड गाड्या बंद आहेत आणि बोटींचे मार्ग बदलतात. पर्यटक चिडतात, पण मला विचाराल तर तेच बघण्यासारखं आहे.

कोथरूडचा_कावळा

आमच्याकडे पुण्यात 2018 ला दांडेकर पुलाजवळ मुठा कालव्याची भिंत फुटली तेव्हा उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर खापर फुटलं होतं. तिकडे खेकडे नसतात वाटतं.

सुतारपक्षी

हसून हसून पुरेवाट. पण धाग्याचा सिंहगड रोड करू नका, परत पाण्यात या.

नदीकाठची_निमा

मी जरा वेगळं लिहिते, पटलं नाही तर सोडून द्या. अरुंद कालव्यात छोटी बोट चांगली हे बरोबर, पण सगळेच छोट्या बोटी घेऊन घुसले तर? मी व्हेनिसला शिकायला होते. तिथे बोट ही मजा नाही, ती कचरागाडी आहे, ॲम्ब्युलन्स आहे, भाजीचा टेम्पो आहे, शववाहिनी पण आहे, सान मिकेलेच्या बेटावर दफनभूमी आहे तिथे बोटीनेच नेतात. सकाळी सातला माझ्या खिडकीखाली सिमेंटच्या गोण्यांची बोट आणि कुरिअरवाल्याची बोट समोरासमोर आल्या की अर्धा तास भांडण. त्यात दहा वाजता गंडोलांची रांग सुरू झाली की माल पोचवणाऱ्यांचं काम अडतं.

आणि लाटा. मोटरबोटीची लाट अरुंद कालव्यात विरत नाही, ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहते आणि विटांमधला चुना खाते. म्हणून आतल्या कालव्यांत ताशी 5 किलोमीटरची मर्यादा आहे, पाळतात किती ते विचारू नका. मोठी क्रूज जहाजं ऑगस्ट 2021 पासून जुदेक्का कालव्यातून बंद केली, 2024 पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी नुसतं एक दिवसासाठी येणाऱ्यांना 5 युरो फी लावली. गर्दी कमी झाली असं मला तरी दिसलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की वॉटर टॅक्सीला "जरा जोरात घ्या, व्हिडिओ काढायचाय" म्हणू नका. मी हे मराठीत ऐकलंय.

पाणकोंबडा

@निमा, नाही पटण्यासारखं काय त्यात. उत्रेख्तचं उदाहरण देतो, उलट्या बाजूचं. तिथे जुन्या शहराभोवतीच्या सिंगेलचा, म्हणजे खंदकाचा, एक तुकडा सत्तरच्या दशकात कोरडा करून चक्क हायवे केला होता. लोकांनी मतदान करून पाणी परत मागितलं आणि सप्टेंबर 2020 ला पाणी परत सोडलं. आता कयाक घेऊन पूर्ण शहराला चक्कर मारता येते, कुठेही उतरावं लागत नाही. मोटर नाही, लाट नाही. कयाक जमत असेल त्यांनी हेच करा, सकाळी लवकर. वल्हं मारताना बदकांची पिल्लं मधे येतात, त्यांचा राइट ऑफ वे.

टिंग्या_आयटीवाला

लेट एंट्री. स्वतः चालवायच्या इलेक्ट्रिक बोटीबद्दल कुणीच लिहिलं नाही. आम्ही टीममधले सहा जण ॲमस्टरडॅमला घेणार आहोत. लायसन लागतं का? आणि बियर चालते का :P

पाणकोंबडा

15 मीटरपेक्षा छोटी आणि ताशी 20 किमीच्या आत चालणारी बोट असेल तर लायसन लागत नाही, भाड्याच्या सगळ्या ह्यातच बसतात. बियर बाकीच्यांना, चालवणाऱ्याला दारूची मर्यादा गाडीसारखीच, पोलिस पाण्यावर पण असतात. मोठ्या आवाजात गाणी लावलीत तर दंड, तिथे खिडक्या उघड्या ठेवून लोक झोपतात.

बाकी काही गोष्टी, ज्या भाड्याने देणारा घाईघाईत सांगतो आणि कुणी ऐकत नाही. उजवीकडून चालायचं. कालव्यात ताशी 6 किमीची मर्यादा. मोठ्या प्रवासी बोटीला नेहमी वाट द्यायची, ती थांबू शकत नाही आणि तिचा कॅप्टन दिवसातून पन्नास टिंगे बघतो त्यामुळे त्याच्याकडे सहनशक्ती उरलेली नसते. अरुंद पुलाखाली आधी शिरलेल्याला पूर्ण बाहेर येऊ द्यायचं, मगच आपण. हात, पाय, कोपर बोटीच्या बाहेर लटकवायचे नाहीत, बोट आणि दगडी धक्का ह्यांच्यात बोटं चेंगरतात, हे दर उन्हाळ्यात होतं. इलेक्ट्रिक मोटर आवाज करत नाही, म्हणजे समोरच्यालाही तुम्ही ऐकू येत नाही, वळणावर आधी हळू करा आणि ओरडा, सुतारबुवांचा "ओए" चालेल. आणि मोबाईल घट्ट धरा. पाण्यातून दर वर्षी हजारो सायकली काढतात, त्यासाठी पंजा लावलेली वेगळी बोट आहे, पण तुमचा फोन काढायला ती येणार नाही.

शनिवारी दुपारी जाऊ नका. मंगळवारी ऑफिसनंतर जा.

टिंग्या_आयटीवाला

टिंगे बघतो :D नोटेड. मंगळवार फिक्स.

घाटावरची_शाल्मली

आम्हाला सुट्टी डिसेंबरातच मिळते. तेव्हा ह्यातलं काय चालू असतं? बेल्जियममधल्या ब्रूजचं कुणीच लिहिलं नाही, ते पण करायचंय.

बंड्या_बर्मिंगहॅम

इंग्लंडात थंडीत बरेच लॉक दुरुस्तीसाठी रिकामे करतात, नेमके तेव्हाच तुमच्या मार्गावरचे बंद असू शकतात, आधी बघून घ्या. भाड्याच्या बोटी कमी मिळतात पण मिळतात. बोटीत कोळशाची शेगडी असते, त्यामुळे आत छान गरम असतं, बाहेर टिलरवर उभा असतो त्याचं मरण. आळीपाळीने उभे राहा आणि ग्लव्ज दोन जोड न्या, एक ओला होतोच.

पाणकोंबडा

@शाल्मली, ब्रूजच्या बोटी साधारण मार्च ते मध्य नोव्हेंबर, म्हणजे डिसेंबरात धरू नका. गावात पायी फिरायचं, रोझेनहूडकाईच्या कोपऱ्यावर गर्दी असते तिथून पुढे चालत राहा, दोन पूल ओलांडले की शांत. डेन बॉसची पण थंडीत सुट्टी. ॲमस्टरडॅमच्या बोटी वर्षभर चालू आणि डिसेंबरात लाइट फेस्टिवल असतो, कालव्यांवर दिव्यांची मोठी मोठी शिल्पं, अंधार साडेचारलाच पडतो त्यामुळे संध्याकाळी पाचची बोट घेतली तरी चालते. आणि हो, ह्या एका वेळेला मी माझंच वरचं म्हणणं फिरवतो, तेव्हा काचेचीच घ्या. हीटर असतो.